देवाची फुलं आणि पांढऱ्या शेपटीची हरणं : न्यू जर्सीतल्या एका बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतलं कोपऱ्यावरचं घर. प्लॉट पाव एकराचा. मागे ओढा, ओढ्याकाठी राखलेली झाडी, पुढे फुटपाथ. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि दर उन्हाळ्यात सहा महिने साताऱ्याहून येणाऱ्या सासूबाई. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

बाग दोन तोंडांची. पुढच्या बाजूला दाराकडे जाणाऱ्या वाटेलगत ३० फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा. त्यात ऑक्टोबर २०२३ अखेरीस ट्युलिपचे १२० कंद लावलेले. त्याच वाफ्यात सावलीच्या भिंतीशी १४ होस्टा (रुंद पानांची शोभेची झाडं), ड्राइव्हवेच्या कडेनं डेलिलीची रांग, खिडकीखाली सहा गुलाब. मागचं अंगण मात्र सासूबाईंचं. तिथे तांबड्या जास्वंदीच्या तीन कुंड्या, तुळस, कढीपत्ता, दूर्वांचं एक पसरट कुंडं आणि गणपतीसाठी झेंडूची २४ रोपं. जास्वंद उष्ण हवेतली. रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागलं की, म्हणजे साधारण मेच्या उत्तरार्धात, ती बाहेर येते आणि थंडीची चाहूल लागताच पुन्हा घरात जाते.

अमेरिकेच्या पूर्व भागातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण दाट जंगलापेक्षा जंगलाच्या काठावर जास्त रमतं. आणि ही उपनगरं म्हणजे नुसते काठच. दिवसा झाडीत बसायचं, तिन्हीसांजेला आणि पहाटे अंगणांत उतरायचं. खत घातलेली, पाणी पाजलेली, रसरशीत झाडं ओळीनं लावून ठेवलेली असतात. ट्युलिप म्हणजे तर त्यांच्यापुढे उघड्यावर मांडलेले पेढे.

पहिलं नुकसान आणि चुकीचा आरोपी

नोव्हेंबर २०२३ मध्ये पायरीजवळच्या पॅन्झींची (थंडीत फुलणाऱ्या बुटक्या झाडांची) फुलं एका रात्रीत नाहीशी झाली होती. हिमानं गेली असतील, असं समजून घरच्यांनी विषय सोडून दिला. पहिली खूण तिथेच हुकली. हिमानं करपलेलं फूल काळं पडून देठावरच लोंबतं, गायब होत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ट्युलिपच्या कळ्यांवर रंग दिसू लागला आणि दोन रात्रींत वाफा बोडका झाला. १२० पैकी १७ फुलं उमलली, तीही भिंतीला अगदी चिकटून असलेली. अंगणात ससे दिसायचे, म्हणून आळ सशांवर आला. घरमालकानं दोन फूट उंचीची कोंबडीजाळी आणून वाफ्याभोवती ठोकली. त्यात एक अख्खा रविवार गेला आणि पुढच्याच आठवड्यात त्या जाळीच्या आतल्या होस्टांची नुकती उलगडलेली पानं वरून खाल्ली गेली. जाळी जागेवर होती, कुठे वाकलेलीही नव्हती.

खाल्लेला देठ हातात घेतला असता तर ही जाळी वाचली असती. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पान खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत धरून हिसकतं, त्यामुळे देठाचं टोक फाटकं, रेषा लोंबणारं दिसतं. सशाचा चावा कात्रीनं तिरका छाटल्यासारखा असतो आणि तो सहसा जमिनीपासून दोन फुटांच्या आतच. गोगलगाईनं खाल्लं तर पानाला भोकं पडतात आणि वाळलेल्या चिकट रेघा दिसतात. इथे देठ फाटलेले होते, मल्चमध्ये, म्हणजे मातीवर पसरलेल्या आच्छादनात, दुभंगलेल्या खुरांचे ठसे होते आणि गवतात हरभऱ्याएवढ्या काळ्या लेंड्यांचा ढीग होता.

तरीही खात्री करून घ्यायची म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांकडचा शिकारी कॅमेरा (हालचाल होताच आपोआप फोटो घेणारा) पाच रात्री खांबाला बांधला. एक मादी आणि तिची गेल्या वर्षीची दोन पाडसं दिसली. चार वेळा पहाटे पावणेपाच ते सव्वापाचच्या दरम्यान, एकदा रात्री नऊला. मादीचं पोट दिसण्याइतकं सुटलेलं होतं. ही हरणं मेअखेर ते जूनमध्ये वितात, म्हणजे उन्हाळाभर तिची भूक वाढतीच राहणार होती. या पाच रात्रींतून आणखी एक गोष्ट कळली, आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी ठरली : तिघंही दर वेळी एकाच वाटेनं, ड्राइव्हवेच्या बाजूनं येत होती.

पर्यायांची चाचपणी

उंच कुंपण. हरणाला खात्रीनं अडवायचं तर आठ फूट उंची लागते. घर असोसिएशनच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, हद्दीत. पुढे कुंपणाला मनाई, मागे चार फुटांपर्यंत परवानगी. चार फूट हे हरीण धाव न घेताही पार करतं. पर्याय बाद.

हालचाल टिपून पाणी उडवणारा स्प्रिंकलर. सुरुवातीला हरणं दचकतात आणि काही आठवड्यांत सरावतात. थंडीत नळी गोठते, आणि ट्युलिपची कोंबं तर मार्चमध्येच वर येतात. शिवाय वाफा दारापासून सहा फुटांवर. पहिले भिजणार ते टपालवाले. बाद.

झाडंच बदलणं. रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेनं शोभेच्या झाडांची यादी केली आहे, हरीण किती नुकसान करतं त्यानुसार चार गटांत. क्वचितच खाल्ली जाणारी पहिल्या गटात, वारंवार आणि जबर खाल्ली जाणारी चौथ्यात. डॅफोडिल पहिल्या गटात आहे, कारण त्याच्या कंदात आणि पानांत विषारी अल्कलॉइड असतात. ट्युलिप आणि होस्टा शेवटच्या गटात. या घरानं पुढच्या वाफ्यात नेमकी चौथ्या गटातलीच झाडं निवडली होती. पर्याय चांगला, पण तो ऑक्टोबरमध्ये अमलात येणारा. चालू हंगामाला त्याचा काही उपयोग नव्हता.

साबण, केस, कोल्ह्याचं मूत्र. झाडाला न लावता आसपास ठेवायच्या या वस्तू. प्राण्यांच्या चरबीपासून केलेल्या तीव्र वासाच्या साबणाचा थोडा गुण येतो, पण वडीपासून जेमतेम एक मीटरपर्यंत. घरच्यांनी वड्यांना भोकं पाडून, जुन्या मोज्यांत घालून चार काठ्यांवर टांगल्या होत्या. ३० फुटांच्या वाफ्याला चार पुरणाऱ्या नव्हत्या. झालंही तसंच : काठीलगतचा होस्टा शाबूत, दोन काठ्यांच्या मधला खलास. सलूनमधून आणलेल्या केसांबद्दल न बोललेलंच बरं.

फवारणी. झाडावर थेट मारायचं रिपेलंट, म्हणजे हरणाला दूर ठेवणारं औषध. तात्काळ सुरू करता येणारा आणि असोसिएशनला विचारावा न लागणारा हा एकच उपाय उरला.

निर्णय पहिला : वास की चव

दुकानात बाटल्यांची भिंतच असते, पण आत पदार्थ मोजकेच. सडक्या अंड्यातले घन पदार्थ, सुकवलेलं रक्त, लसूण, पुदिना-रोझमेरीसारखी तेलं, तिखटातलं कॅप्सेसिन, आणि काही ठिकाणी कडू संयुगं. कामाच्या दृष्टीनं यांचे दोनच वर्ग : हरणाला तोंड लावण्याआधीच परतवणारे आणि तोंड लावल्यावर पस्तावायला लावणारे. अंडं आणि रक्त पहिल्या वर्गातले. त्यांतून सडणाऱ्या प्रथिनांचे गंधकयुक्त वास सुटतात आणि हरणाला ते मांसाहारी प्राण्याच्या वावरासारखे वाटतात. तिखट दुसऱ्या वर्गातलं. त्याचा धडा मिळायला एक घास घ्यावाच लागतो.

हा फरक ट्युलिपच्या बाबतीत निर्णायक आहे, आणि नेमका तोच लोक विसरतात. होस्टाचं एक पान गेलं तर वीस उरतात. ट्युलिपला कळी एकच, आणि पहिला घास त्या कळीचाच असतो. तिखट फवारलेला ट्युलिप हरणाला धडा शिकवतो खरा, पण शिकवणीची फी म्हणून फूल देऊन. त्यामुळे एका घासात संपणाऱ्या फुलांना वासाचं, पुष्कळ पानांच्या झाडांना वासाचं आणि तिखटाचं आलटून पालटून, असं ठरलं. आलटून पालटून अशासाठी, की एकाच वासाला हरणं सरावतात.

रक्ताचं मिश्रण हिवाळ्यात जास्त टिकतं, पण घरच्यांनी ते नुसतं ऐकूनच नको म्हटलं. अंड्याला पुढच्या वाफ्यापुरती हरकत नव्हती.

मिश्रण आणि फवारणी

पहिले दोन आठवडे घरचंच मिश्रण वापरलं. प्रमाण सोपं : एक भाग अंडं, चार भाग पाणी. एका अंड्यातला ऐवज साधारण ५० ग्रॅम धरला, तर चार अंडी आणि ८०० मिलिलिटर पाण्यात एक लिटर होतं. अंडं फोडल्यावर बलकाला चिकटलेली पांढरी दोरी चिमटीनं काढून टाकायची. ती राहिली की पंपाचं तोंड हमखास चोंदतं. मग सगळं मिक्सरमधून फिरवून जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं. असं मिश्रण पावसात बऱ्यापैकी तग धरतं आणि वाढ थांबलेल्या झाडावर महिनाभर पुरतं. वाळल्यावर माणसाला वास जवळजवळ येत नाही, हरणाला येत राहतो.

पंप नवा घेतला. पूर्वी तणनाशक भरलेला पंप कितीही धुतला तरी यासाठी वापरू नये, उरलेल्या अंशानं गुलाबाची पानं वाकडी होतात. पहिल्या दिवशी काम झाल्यावर घरमालकानं पंपात किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, निर्जंतुक व्हावा म्हणून. नळीत उरलेलं अंडं शिजलं. नंतर तासभर तो सुईनं नोझलमधून भुर्जी उकरत बसला होता. पंप गार पाण्यानंच धुवायचा, दोनदा, आणि मग नळीतून साधं पाणी फवारून ती रिकामी करायची.

आधी प्रत्येक जातीच्या दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबले. होस्टाच्या निळसर जातीवरची पांढुरकी लव फवाऱ्यानं पुसली जाऊन डाग पडले. तिथे फवारा बारीक केला. उमललेल्या पाकळ्यांवर मारायचं नाही, कळ्यांवर आणि पानांवर मारायचं, पान ओलं होईल पण टपकणार नाही इतपत. या वाफ्याला दर खेपेला पाऊण लिटर पुरलं. वेळ संध्याकाळी उन्हं उतरल्यावरची, आणि पुढचे काही तास पाऊस नाही हे बघून. गोठणाऱ्या थंडीत किंवा कडक उन्हात मारण्यात अर्थ नाही : एकात वाळत नाही, दुसऱ्यात पानं भाजतात. कढीपत्ता, मेथी, कोथिंबीर यांच्या आसपास फवारायचं नाही. कच्चं अंडं आहे, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते.

एक सूचना हरणांशी संबंधित असूनही फुलांबद्दलची नाही. या राज्यात लाइम रोग फार आहे आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी या हरणांवर पोसतात. संध्याकाळी झाडीलगत फवारताना पूर्ण पँट, ती मोज्यांत खोचलेली, आणि घरात आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट पाहणं हे ठरवून केलं.

जूनमधलं अपयश

१८ मेला पहिली फवारणी झाली. दहा दिवस काहीही खाल्लं गेलं नाही. दोन आठवड्यांनी दुकानातलं अंड्याचं संहत द्रावण आणलं, कारण दर खेपेला अंडी गाळण्याचा सगळ्यांना कंटाळा आला होता. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डेलिलीच्या कळ्या गेल्या, पाठोपाठ होस्टाही.

औषध पातळ झालं का, हरणं सरावली का, यावर घरात चर्चा झाली आणि दुसरी, महागाची बाटली आणायचं ठरत होतं. पण झाडं जवळून पाहिल्यावर दोन निरनिराळी कारणं निघाली. होस्टाची जुनी, फवारलेली पानं तशीच होती. खाल्ली गेली होती ती मधून नव्यानं उलगडलेली, ज्यांवर थेंबही पडलेला नव्हता. डेलिलीचंही तेच. फवारणीच्या दिवशी पानांच्या बेचक्यात असलेले दांडे आठवड्यात दोन फूट वर आले होते. स्पर्शानं काम करणारं रिपेलंट झाडाच्या आत जात नाही. जे त्या दिवशी दिसत होतं, तेवढंच राखलं जातं.

दुसरं कारण लॉनच्या नळ्यांत होतं. मेअखेरीस असोसिएशनच्या माळ्यानं स्वयंचलित स्प्रिंकलर सुरू केला होता, पहाटे चार वाजताचा. त्याचं एक तोंड एक दिवसाआड पुढचा अर्धा वाफा धुऊन काढत होतं, तेही हरणं येण्याच्या पाऊण तास आधी. तिथल्या होस्टांवर औषध उरतच नव्हतं.

ते तोंड लॉनकडे वळवलं आणि वाफ्याला जमिनीलगत ठिबक नळी टाकली. फवारणीचं गणित तारखेवरून काढून वाढीवर नेलं : नवी फूट दिसत असेल तोवर दर सात ते दहा दिवसांनी, वाढ थांबली की दर तीन आठवड्यांनी, आणि जोराचा पाऊस झाल्यावर तारीख न बघता. न्यू जर्सीत पावसाला आपल्यासारखा ठरावीक ऋतू नसतो, तो वर्षभर थोडा थोडा पडतच राहतो. त्यामुळे ‘पावसानंतर’ हा नियम कॅलेंडरवर आधी लिहिता येत नाही, खिडकीतून बघावा लागतो. हरणांच्या वाटेवरची ड्राइव्हवेची टोकाची झाडं दर खेपेला सर्वांत आधी आणि जरा सढळ हातानं फवारली. जुलैत पुढच्या बाजूला फारसं नुकसान झालं नाही.

निर्णय दुसरा : बाटलीच्या मागचं लेबल

पुढची बाजू सुरक्षित झाल्यावर हरणं मागे वळली. हेही नेहमीचंच. भूक तीच राहते, फक्त वाफा बदलतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जास्वंदीच्या दोन कुंड्यांवरची प्रत्येक कळी गेली. सूनबाई पंप घेऊन निघाल्या, तेव्हा सासूबाईंनी अडवलं. “अगं, त्याच्यावर अंडं नको मारूस. देवाला वाहायचीत ती.”

घरात पुदिन्याच्या वासाची आणखी एक बाटली होती. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि ‘नैसर्गिक’ असा शब्द. ही चालेल, असं वाटलं. मागच्या बारीक अक्षरांत क्रियाशील घटकांमध्ये पहिलंच नाव सडक्या अंड्याच्या घन पदार्थांचं होतं, पुदिना फक्त वासापुरता. बिनअंड्याची दुसरी एक बाटली सापडली, तिच्यात लसणाचं तेल. सासूबाईंना लसूणही नको होता. उरली नुसत्या वनस्पती-तेलांची. तिचा परिणाम कमी टिकतो. रोज नवी कळी देणाऱ्या जास्वंदीवर ती एक दिवसाआड मारावी लागली असती, आणि उमललेल्या फुलाला तेलाचे डाग पडले असते ते वेगळेच.

इथे सल्ला देणाऱ्यांची सवय आडवी येते. बाजारात काही ना काही चालेल असं मिळेलच, असं म्हणून ते बाटल्या सुचवत राहतात. इथली अडचण वेगळी होती. पूजेच्या फुलावर काहीच नको होतं, म्हणजे तिथे फवारणी हा पर्यायच नव्हता. तो तासाभराच्या बोलण्यात बाद केला हे बरं झालं. प्रयोगच करत बसले असते तर गणपती उजाडला असता.

तीनही कुंड्या रोज संध्याकाळी चाकाच्या पाटावरून आत घ्यायच्या, हा पर्याय चार दिवस चालला. पाचव्या दिवशी विसरले, आणि तेवढं पुरलं. शिवाय झेंडू जमिनीत होता.

पाच फुटांची जाळी का पुरली

आठ फुटांखालची जाळी हरणाला अडवत नाही, हे मोकळ्या अंगणाला लागू आहे. जागा चिंचोळी असेल तर हरीण उडी मारायला कचरतं, कारण उतरायला मोकळी जमीन दिसत नाही. म्हणून मागच्या भिंतीपासून थोडं सोडून १२ फूट बाय ५ फूट एवढीच जागा घेरली आणि आत कुंड्या, झेंडू आणि दूर्वांचं कुंडं दाटीनं ठेवलं. असोसिएशनकडून ‘जून ते ऑक्टोबर, काढता येणारी बागेची जाळी’ अशी लेखी परवानगी घेतली. कायमचं कुंपण म्हणून अर्ज केला असता तर नाकारलाच गेला असता.

सामान असं : सात फुटी लोखंडी खांब सहा, चार कोपऱ्यांना आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर, दोन फूट जमिनीत ठोकलेले. काळ्या पॉलिप्रॉपिलीनची पाच फूट उंचीची जाळी, परीघ ३४ फूट असल्यानं ५० फुटी गुंडाळी. केबल टाय. जमिनीत रोवायचे सहा इंची यू आकाराचे खिळे, दर दोन फुटांवर एक. काळी जाळी अंधारात दिसत नाही आणि हरीण धावत येऊन ती फाडतं, म्हणून छातीच्या उंचीवर जुन्या पांढऱ्या चादरीच्या पट्ट्या बांधल्या. जाळी सैल सोडली नाही. सैल, लोंबत्या जाळीत साप आणि पक्षी अडकून मरतात.

११ ऑगस्टच्या सकाळी झेंडूच्या नऊ रोपांचे शेंडे गेलेले दिसले. जाळी उभी होती. पन्हाळीचं पाणी पडतं तिथे माती वाहून गेली होती आणि जाळीखाली वीतभर फट झाली होती. जाळीच्या खालच्या कडेला तपकिरी केस अडकलेले, चिखलात छोटे खूर. यंदाचं पाडस खालून शिरलं होतं. हरणं उडी मारतात हे सगळ्यांना माहीत असतं. वाट मिळाली तर ती आधी खालून जातात, हे लक्षात येत नाही. फटीत विटा भरल्या, खिळे दुप्पट केले. खुडलेल्या झेंडूला बाजूनं फुटवे येतात. पाणी आणि थोडं खत मिळाल्यावर त्या नऊ रोपांनाही चार आठवड्यांत कळ्या धरल्या. ७ सप्टेंबर २०२४ ला चतुर्थीच्या सकाळी जास्वंदीची अकरा फुलं होती, दूर्वा होत्या, आणि तोरण पुरं होईल एवढा झेंडूही.

कोरडा ऑक्टोबर

२०२४ चा ऑक्टोबर न्यू जर्सीत नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कोरडा महिना ठरला. कित्येक ठिकाणी मोजण्याइतका थेंबही पडला नाही. फवारणीच्या दृष्टीनं ही चैन वाटावी, कारण काही धुऊन जाणार नव्हतं. प्रत्यक्षात उलट झालं. झाडीतला पाला वाळला आणि पाणी घातलेली हिरवी अंगणं तेवढी उरली. पायरीवर ठेवलेल्या शेवंतीच्या सहा कुंड्यांपैकी तीन खाल्ल्या गेल्या. पानांवर औषध होतं, पण कुंड्या भर फुलातच विकत आणलेल्या, आणि उमललेल्या फुलांवर फवारायचं नाही असं ठरलेलं. हरणांनी फुलं तेवढी वेचून खाल्ली. उरलेल्या तीन रोज रात्री गॅरेजमध्ये गेल्या. रिपेलंट नुकसान कमी करतं. भुकेनं पिसाळलेल्या जनावराला ते थोपवत नाही.

त्याच महिन्यात एका नरानं शिंगं घासून चेरीच्या कोवळ्या झाडाची साल दोन फूट सोलली. हा माजाचा काळ. त्याला झाड खायचं नसतंच, त्यामुळे तिथे वासही चालत नाही आणि चवही. बुंध्याभोवती जाळीची नळी बसवणं एवढंच हाती असतं, आणि ते सप्टेंबरच्या आधी.

दुसरा वसंत आणि निकाल

ऑक्टोबर २०२४ अखेरीस पुढच्या वाफ्यात ९० डॅफोडिल आणि कांदा-लसणाच्या कुळातले ३० अ‍ॅलियम लावले. ट्युलिप सोडायची तयारी नव्हती. ते १२० वरून ६० वर आणले आणि दाराजवळच्या टोकाला एकत्र लावले, म्हणजे फवारायला सोपे आणि हरणांच्या वाटेपासून लांब.

२०२५ मध्ये पहिली फवारणी १२ मार्चला झाली, कोंबं दोन बोटं वर असतानाच, हरणांनी एकही घास घ्यायच्या आत. पुढे दर सात-आठ दिवसांनी, एकदा अंड्याचं, एकदा लसूण-पुदिन्याचं. हा वाफा पूजेचा नसल्यानं लसणाला हरकत नव्हती. एका खेपेला वीस मिनिटं. ६० पैकी ५१ फुलं उमलली. गेलेल्या नवांपैकी सहा एकाच आठवड्यातली : ५ एप्रिलची खेप पावसामुळे हुकली आणि ती आठ तारखेला झाली. त्या तीन दिवसांत कळ्या पानांच्या वर आल्या होत्या. सकाळी वाफ्यात फवारलेली पानं जशीच्या तशी उभी आणि मधले सहा देठ बिनकळीचे, असं दृश्य होतं. डॅफोडिल आणि अ‍ॅलियमला कुणी तोंड लावलं नाही. होस्टांवर अंडं आणि तिखट आलटून पालटून. १४ पैकी तिघांच्या कडा कुरतडल्या गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महाग पडली ती नोव्हेंबर २०२३ मधली पॅन्झी. तेव्हा देठ तपासला असता तर मार्चमध्येच फवारणी सुरू झाली असती. हरणांना एकदा वाफ्याची चटक लागली की त्यांना वळवणं कठीण जातं, आणि १८ मेला सुरुवात झाली तेव्हा ती लागून महिना उलटला होता. कॅमेराही जाळी घेण्याआधी लावायला हवा होता.

जूनमधली दुसरी बाटली थोडक्यात वाचली. औषध चाललं नाही असं वाटेल तेव्हा आधी खाल्लेलं पान जुनं की नवं हे बघावं, मग पाणी कुठून पडतं ते. बहुतेक वेळा दोष बाटलीत नसतोच.

शेवंतीच्या बाबतीत मात्र मतभेद आहे. घरच्यांच्या मते पाकळ्यांवर डाग पडले असते तरी फवारायला हवं होतं, निदान कुंड्या शिल्लक राहिल्या असत्या. दुसरं मत असं, की डागाळलेली शेवंती पायरीवर ठेवण्यापेक्षा ती कळीत असताना आणून फवारणं अधिक बरं. तशा कुंड्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळतात, फक्त तेव्हा त्या कुणी उचलत नाही.

जाळी जुलैऐवजी कुंड्या बाहेर काढतानाच उभारली असती, तर जास्वंदीचा महिनाभराचा बहर वाचला असता. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा अकरा दिवस आधी होती. त्यामुळे झेंडूचं बी एप्रिलमध्येच खिडकीत पेरलं, परवानगीचा अर्ज १५ मेच्या तारखेनं दिला, आणि पन्हाळीखालच्या विटा खांब ठोकायच्या आधीच बसवल्या.